दखल, दाखल आणि मागचा जिना

माहितीच्या अधिकाराखालचा माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज मी ज्या माणसाविषयी माहिती हवी होती त्याच माणसाच्या कार्यालयात नेऊन दिला.

यात माझी चूक आहेच, पण थोडी त्या दोन गाळ्यांचीही आहे. आमच्या भागात पालिकेचं प्रभाग कार्यालय आणि माजी नगरसेवकाचं जनसंपर्क कार्यालय भिंतीला भिंत लावून आहेत. दोन्हींवर निळी पाटी, दोन्हींसमोर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आज्या. मी आत शिरलो. छातीवर चष्मा लोंबकळणारे एक गृहस्थ टेबलामागे होते. ते म्हणाले, "बसा काका. कनचा अर्ज?"

सरकारी कार्यालयात कोणी "बसा" म्हणालं, तिथेच मला शंका यायला हवी होती. त्यांनी अर्ज टेबलावर सपाट केला आणि ओळींखाली बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. ही दुसरी खूण. मग म्हणाले, "चांगला लिवलाय," शिक्का मारला, माझ्या प्रतीवर सही करून दिली आणि पाणीही पुढे केलं. मी पाणी प्यायलो, आभार मानले. आपली यंत्रणा वाटते तेवढी वाईट नाही, असं मनात म्हणत बाहेर आलो आणि रिक्षात बसल्यावर शिक्का वाचला. गोल शिक्क्यात मधोमध त्या माणसाचं पूर्ण नाव होतं आणि खाली अर्धवर्तुळात जनसंपर्क कार्यालय.

अर्जावर माझं नाव होतं, इमारत होती, मजला होता, मोबाईल नंबर होता. आणि विषय होता तोच माणूस.

मी नौपाड्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचे पैसे मला सव्वीस वर्षं मिळत आहेत.

आता हा अर्ज मुळात का करावा लागला ते सांगतो. विधानसभेची निवडणूक लागली होती. आमच्या कोपरच्या पाच इमारतींचा मिळून एक रहिवासी मंच आहे. मंचाच्या बैठकीत ठरलं की भाषणं, पत्रकं, मोबाईलवर येणारे व्हिडिओ यांवर कोणी विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येकाने एकेक विषय घ्यायचा, फक्त सार्वजनिक कागदपत्रं बघायची आणि चारही उमेदवारांविषयी एका पानाचं टिपण करायचं. कोणी पाणी घेतलं, कोणी रस्ते, कोणी कचरा. मी हात धुवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा माझ्या नावासमोर "सार्वजनिक सुरक्षा" लिहून झालं होतं.

चारपैकी तीन उमेदवारांनी कधी कुठलं पद भूषवलं नव्हतं. त्यांच्याविषयी शपथपत्राशिवाय कागदच नव्हते, त्यामुळे ते अर्ध्या तासात उरकले. चौथे दोन वेळा नगरसेवक होते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. इथले निम्मे पुढारी भाऊच असल्यामुळे एवढ्यावरून ओळख पटायची भीती नाही.

पहिल्यांदा मी भाऊंचं शपथपत्र काढलं. तिघांच्या शपथपत्रात गुन्ह्यांच्या रकान्यात "निरंक" असं होतं. भाऊंच्या रकान्यात एक नोंद होती. बेकायदा जमाव, वाट अडवणे, सरकारी कामात अडथळा. नुसते शब्द वाचूनच माझ्या डोळ्यांसमोर काठ्या, सळया आणि पळणारी माणसं आली. असल्या माणसाच्या वाटेला आपण कशाला जावं, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. माझी बायको कल्याणला एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर आहे. एकोणतीस वर्षं झाली. कागद हातात आला की ती आधी तारीख बघते, मग बाकीचं.

"पाण्याच्या टाकीसमोर," ती म्हणाली. "अहो, हा आपला हंडा मोर्चा. मी होते की त्यात."

"तू बेकायदा जमावात होतीस?"

"दुसऱ्या रांगेत. हंडा चेपला होता माझा. अजून आहे माळ्यावर."

तेव्हा हा गुन्हा माझ्या टिपणातून गेला आणि मी पालिकेच्या महासभेच्या इतिवृत्तांकडे वळलो. कुठल्या सभेत कोण काय बोललं, कोणता ठराव कोणी मांडला, हे सगळं त्यात असतं. सहा-सात वर्षांपूर्वीची इतिवृत्तं, वाकडी-तिकडी स्कॅन केलेली. शब्द टाकून शोधायची सोय नाही, पान पान वाचायचं. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी ते करायचो. सहकाऱ्यांना वाटलं मी शेअर बाजारात शिरलोय. भाऊ कुत्र्यांविषयी बोलले होते, रस्त्यावरच्या दिव्यांविषयी बोलले होते, उघड्या गटारावर झाकण टाकायला तीनदा बोलले होते. माणूस सभेला जात होता, झोपत नव्हता, एवढं दिसत होतं. मला तो हळूहळू आवडायला लागला होता.

आणि मग तो ठराव सापडला. मंडईच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असलेल्या अभ्यासिकेच्या मागच्या जिन्याबद्दल अग्निशमन विभागाने अहवाल दिला होता. त्यावर ठराव असा, की पालकांचे निवेदन आणि विद्यार्थिनींची सुरक्षितता विचारात घेता सदर अहवाल दप्तरी दाखल करण्यात यावा. सूचक म्हणून भाऊंचं नाव. सर्वानुमते मंजूर. मी खूश झालो. सुरक्षा, विद्यार्थिनी, अहवाल, सगळं एका ठिकाणी. टिपणात भाऊंच्या बाजूचा पहिला मुद्दा मी असा लिहिला: "अभ्यासिकेसंबंधीच्या अग्निशमन अहवालाची दखल घेतली."

संध्याकाळी बायको गवार मोडत होती. मी तिला टिपण वाचून दाखवलं.

"दखल?" ती म्हणाली.

"हो."

"मूळ कागद दाखवा."

मी मोबाईल तिच्यासमोर धरला. तिने ओले हात पदराला पुसले, अक्षरं मोठी केली.

"इथे दाखल लिहिलंय. दप्तरी दाखल."

"तेच ते. एका कान्याचा फरक."

"दप्तरी दाखल म्हणजे काय माहितीये तुम्हाला? म्हणजे वाचलं, फाईलला लावलं, फाईल कपाटात गेली. आता त्याच्यावर कोणी काही करायचं नाही. अर्जदार वारला की आम्ही त्याचा अर्ज दप्तरी दाखल करतो."

माझ्या व्यवसायात काना राहिला तर आम्ही समासात एक छोटी खूण करतो आणि पुढे जातो. इथे काना होता आणि मीच तो पुसला होता.

"आणि मंडईच्या इमारतीतली अभ्यासिका म्हणजे," ती म्हणाली आणि थांबली. गवारीची एक शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

म्हणजे आमच्या मुलीची अभ्यासिका. भाऊंनीच नगरसेवक असताना सुरू केलेली, आता त्यांचं मंडळ चालवतं, फुकट. मुलगी दहावीत असल्यापासून तिथे जाते. दहावी झाली, बारावी झाली, पदवी झाली, आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. तिचं निम्मं आयुष्य नाही म्हणता येणार, पण जागेपणीचं बरंचसं तिथे गेलंय. आम्ही बोलत होतो त्या वेळीही ती तिथेच बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि गेलो. सात वर्षांत मी त्या इमारतीत शंभर वेळा तरी गेलो असेन, भाजी घ्यायला. वर कधी बघितलं नव्हतं. तळाला भाजीबाजार. पहिल्या मजल्यावर कपड्यांची दुकानं आणि एक गादीवाला, त्याच्या दारात कापसाचे गठ्ठे छताला टेकलेले. त्याच्या बरोबर वर अभ्यासिका. वर जायला समोरून एक जिना आणि त्या जिन्याच्या पायथ्याशी, भिंतभर, सगळ्या इमारतीचे विजेचे मीटर. काही मीटरांची झाकणं नव्हती. मी त्या मीटरांसमोरून वर गेलो तेव्हा अंग चोरून गेलो, जसं काही माझा धक्का लागूनच पेट घेणार होतं.

वर सगळं शांत. साठेक मुलं-मुली माना खाली घालून बसलेली. दारात खणांचं लाकडी कपाट, त्यात सगळ्यांचे मोबाईल, कारण आत मोबाईल चालत नाही. मुलीने मला बघितलं आणि आई गेल्यासारखा चेहरा केला.

"काय झालं?" ती कुजबुजली.

"काही नाही. मागचा दरवाजा कुठे आहे?"

"कुठला मागचा?"

"अगं, मागचा जिना असेल ना एक. त्याचा दरवाजा."

तिने खोलीभर नजर फिरवली. मग जुन्या वर्तमानपत्रांच्या लोखंडी कपाटाकडे बोट केलं. "त्या कपाटामागे जाळी आहे एक. तो दरवाजा आहे?"

सात वर्षं. मी कपाटाच्या फटीतून डोकावलो. सरकती लोखंडी जाळी, तिला मुठीएवढं कुलूप, आणि पलीकडे जिना असावा असा अंदाज. अंदाज म्हणायचं कारण, जिना दिसत नव्हता. गुंडाळलेले फ्लेक्स, प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, कुठल्या तरी गणपतीचं थर्माकोलचं मखर. एका फ्लेक्सवर भाऊंचा अर्धा चेहरा, वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारत, माझ्याकडे बघत होता.

"घरी चल," मी म्हणालो.

"बाबा, परीक्षेला पाच आठवडे राहिलेत. घरी कुठे बसू, ओट्यावर? आधी गच्चीवर बसायचे, तिला सोसायटीने कुलूप लावलं. इथली जागा सोडली की गेली, बाहेर यादी लागलीय." आजूबाजूची दोन-तीन डोकी वर झाली. "आणि हळू बोल. जा तू आता."

मी गेलो. खाली उतरताना पायऱ्या मोजल्या. चव्वेचाळीस. मग साठ मुलं आणि चव्वेचाळीस पायऱ्या असं काहीतरी गणित करायला लागलो आणि ते मधेच सोडलं. त्या दिवसापासून मी तिला तासातासाने फोन करायचो. मोबाईल खणात असल्यामुळे ती उचलायची नाही, हे मला माहीत होतं. तरी प्रत्येक वेळी घंटी बंद होईपर्यंत मी फोन कानाला धरून ठेवायचो.

बायको माझ्यासारखी फोन करत बसली नाही. तिने कोरा कागद घेतला. "दोन मुद्दे," ती म्हणाली. "एक, भाऊंच्या ठरावातल्या त्या मागच्या जिन्याची सद्यस्थिती. दोन, पालकांच्या त्या निवेदनाची प्रत, सह्यांसकट."

"निवेदनाची हवीच," मी म्हणालो. "कोण ते उचापती पालक, बघू तरी. स्वतःच्या पोरांना कोंडून घालणारे." मग मला सुचलं. "पण उत्तर यायला महिना लागेल. मतदान होऊन जाईल."

"मतदानानंतर जिना तिथेच असणार आहे."

तोच अर्ज मी भाऊंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

घरी आल्यावर मी तिला शिक्का दाखवला. तिने तो बराच वेळ बघितला. मला वाटलं आता हिचाही धीर सुटला.

"आवक क्रमांक घातलेला नाही," ती म्हणाली.

"अगं, ते महत्त्वाचं आहे का आत्ता?"

"मला ज्याचं कळतं ते मी बोलते. उद्या मी रजा काढून दुसरी प्रत बरोबर ठिकाणी देते. तुम्ही या भानगडीत परत एकट्याने कुठे जाऊ नका."

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. इमारतीखाली एक मोटरसायकल दोन तास उभी होती. मी पडद्याआडून तिचा नंबर लिहून घेतला. ती दुसऱ्या मजल्यावरच्या जावयाची निघाली. फाटकावर कोणी माझं नाव विचारत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तो माझं पार्सल घेऊन परत गेला आणि त्यातली चप्पल मला आठवड्याने मिळाली. प्रचाराची जीप गल्लीत आली, भोंग्यावर भाऊंचा आवाज, "आपल्या सुरक्षिततेसाठी, आपल्या हक्कासाठी", आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालताना खाली बसलो. ओला पंचा डोक्यावर. समोरच्या काकूंनी विचारलं, बरं नाही का.

हसण्यासारखं आहे, मला कळतं. पण मनात एकच होतं. जे काही करायचं ते मला करतील, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. मुलगी मात्र रोज सकाळी त्यांच्याच खोलीत जाऊन बसते, मागचं दार बंद असलेल्या. तिला तिथून काढलं तर अभ्यासाचं काय हे माहीत नाही, आणि ठेवलं तर काय होईल हेही माहीत नाही.

चौथ्या दिवशी छापखान्यात फोन आला. तोच चष्मा लोंबकळणारा आवाज. "काका, भाऊंनी बोलावलंय. चार वाजता. च्या प्यायला."

मी "कशाला?" एवढंच विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "कला घाबरताव? च्याच हाय."

बायकोला कळवलं. ती परस्पर तिथे आली, खांद्याला कार्यालयाचीच पिशवी, पिशवीत दुसऱ्या अर्जाची पोच. तिच्या प्रतीवर आवक क्रमांक होता.

भाऊ समोरच्या फ्लेक्सपेक्षा बारीक होते. प्रचाराने घसा बसला होता, गरम पाणी घोट घोट पीत होते, पायांत साध्या स्लिपर. माझ्याच वयाचे असतील, तरी मला "काका" म्हणाले आणि बायकोला "वहिनी". हे नातं कसं लागतं, असा एक विचार त्याही अवस्थेत माझ्या मनात येऊन गेला.

"अर्ज चुकून आला आमच्याकडे," ते म्हणाले. "होतं असं. आम्ही पुढे पाठवलाय." मग थोडं थांबून, "मुलगी तुमची आपल्याच अभ्यासिकेत ना? खिडकीजवळच्या टेबलावर. हुशार पोर. सगळ्यात आधी येते."

धमकी होती की कौतुक, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दमणुकीशिवाय काही दिसत नव्हतं. बायकोने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात थंड होता, त्यावरून मला पहिल्यांदा कळलं की तीही घाबरलीय.

"दुसरा मुद्दा निवेदनाच्या प्रतीचा," भाऊ म्हणाले. "त्याला पालिकेत कशाला खेटे घालता? आमच्याकडे आहे." त्यांनी खणातून प्लास्टिकची फाईल काढली आणि एक पिवळा पडलेला कागद आमच्याकडे वळवला.

मागच्या जिन्याने बाहेरची मुलं वर येतात, गच्चीवर सिगारेटी ओढतात, मुलींची छेड काढतात, तरी मागचा दरवाजा कायमचा बंद करावा, ही विनंती. खाली बत्तीस सह्या. मी वरचा मजकूर वाचत होतो, शुद्धलेखन बरं होतं. बायकोचं बोट आधी सह्यांवर गेलं. अकराव्या नंबरवर ते थांबलं.

माझ्या सहीखाली मी एक आडवी रेघ आणि दोन टिंबं देतो. कॉलेजात असताना ऐटबाज वाटायचं म्हणून लागलेली सवय. रेघ होती. टिंबंही होती.

मग आठवलं. दहावीच्या वर्षातली पालकांची बैठक. मला घाई होती, छापखान्यात दिवाळी अंकाची पानं पडून होती. कोणीतरी कागद फिरवला, सगळे सही करत होते, मी केली. वाचला नव्हता. जगात माझ्यासमोरून न वाचता गेलेला तो बहुधा एकच कागद.

"आता सांगा काका," भाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता. "बत्तीस आईबाप सांगतात दार लावा. एक अधिकारी सांगतो उघडा. मी काय करायला पाहिजे होतं?"

बायको म्हणाली, "अहवालात नुसतं उघडा लिहिलं होतं?"

भाऊंनी गरम पाण्याचा घोट घेतला. "नाही. आतून उघडेल, बाहेरून उघडणार नाही, तसली कडी बसवा म्हणाला होता."

"मग तर दोन्ही झालं असतं."

"झालं असतं," ते म्हणाले. "पण पालक खूश होते वहिनी, विषय मिटला होता. मिटलेला विषय परत कोण उकरतं?"

एकोणतीस वर्षं आवक-जावक केलेल्या बाईला हे नवीन नव्हतं. तिने मान हलवली, मग म्हणाली, "आता उघडा."

"निवडणूक होऊ दे. नवीन निवेदन आणा पालकांचं."

"आज उघडा," ती म्हणाली. "साठ मुलं बसलीत आत्ता तिथे. खाली गादीवाला आहे."

भाऊंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी मान वळवून चष्मेवाल्याला हाक मारली. "मंडईच्या मागच्या जाळीची चावी आण रे."

"कनची चावी?"

तिथून पुढचा अर्धा तास ती चावी शोधण्यात गेली. खणात चाव्यांचा डबा होता, तो टेबलावर उपडा केला. रुग्णवाहिकेची चावी सापडली, मंडपाच्या गोदामाची सापडली, कोणाच्या तरी स्कूटरची सापडली. मंडळाच्या आधीच्या सचिवाला फोन लावला, तो आता गावी असतो. तो म्हणाला पालिकेकडे असेल. पालिकेच्या मुकादमाला विचारलं, तो म्हणाला कुलूप मंडळाचं आहे. भाऊंच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू बदलत गेला. मला बघायला मिळालेली त्या माणसाची सगळ्यात खरी भीती तीच. सात वर्षं ज्या दाराला कुलूप होतं, त्याची चावी जगात कोणाकडे नव्हती.

सगळे मंडईत गेलो. मुलांनी वर्तमानपत्रांचं कपाट सरकवलं, माझ्या मुलीने एक बाजू धरली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. कुलूप गंजून जाळीशी एक झालं होतं. एकजण ग्राइंडर घेऊन आला. बायको म्हणाली, "ठिणग्या उडतील, पलीकडे थर्माकोल आहे." तेव्हा हाताने कापायची करवत आणली. दोघं आळीपाळीने कापत होते. मी घड्याळ बघत होतो. मला बघायचं नव्हतं, पण नजर तिकडेच जात होती. चोवीस मिनिटं लागली. दिवसाउजेडी, सगळे शांत असताना, हत्यार हातात असताना, धूर नसताना, चोवीस मिनिटं. त्या मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर जे येत होतं ते मी इथे लिहीत नाही.

कुलूप पडलं. जाळी कुरकुरत सरकली आणि मखराचा एक खांब आत कलला. भाऊंच्या माणसांनी खुर्च्या, फ्लेक्स खाली न्यायला सुरुवात केली. कोणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता: भाऊंच्या पुढाकाराने अभ्यासिकेचा मागील जिना विद्यार्थ्यांसाठी खुला. फोटोत भाऊ मधोमध आहेत आणि त्यांच्या बाजूला तुटकं कुलूप हातात धरून, शाबासकी मिळाल्यासारखा, मी. ते कुलूप माझ्या हातात कोणी दिलं ते मला आठवत नाही.

टिपण मी पुन्हा लिहिलं. हंडा मोर्चाचा गुन्हा आहे तसा लिहिला. गटारांची झाकणं लिहिली. अहवालाविषयी लिहिलं की तो भाऊंच्या सूचनेवरून दप्तरी दाखल झाला आणि अहवालात सुचवलेली कडी बसवली गेली नाही. चावी सापडली नाही आणि कुलूप कापायला चोवीस मिनिटं लागली, हेही लिहिलं. शेवटी एक ओळ टाकली, की दार बंद करण्याच्या निवेदनावर या टिपणाच्या लेखकाची सही आहे. मंचाचे लोक म्हणाले, ही ओळ काढा, हसं होईल, शिवाय तुम्ही उमेदवार नाही. मी म्हटलं, फक्त सार्वजनिक कागदपत्रं बघायची ठरलं होतं. तोही सार्वजनिक कागद आहे. ओळ राहिली. निवडणुकीचा निकाल काय लागला त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

मुलीने टेबल बदललं. आता ती मागच्या दाराजवळ बसते. तिथे उजेड कमी आहे, अशी तिची तक्रार आहे, पण बसते. कडी अजून बसलेली नाही. सध्या जाळीला नाडी बांधलीय. तासाला फोन करणं मी कमी केलंय, दोन तासांवर आणलंय.

टिपण छापायला जाण्याआधी शेवटचा हात फिरवायला मी ते बायकोला दिलं. आमच्याकडे मुद्रितशोधनाचं हे एक दुकान घरीही चालतं. ती जेवणाच्या टेबलाशी बसून पहिल्या ओळीपासून वाचत गेली, एके ठिकाणी पेन्सिलीने "दाखल"खाली बारीक रेघ मारली, पुढे गेली, माझ्या सहीच्या ओळीशी जरा थांबली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि छताकडे, म्हणजे आमच्या वरच्या दोन मजल्यांकडे आणि त्यांच्याही वर बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या गच्चीच्या दाराची चावी कोणाकडे असते?"